काचवाले सोनकांबळेमामा

गाडीची काच बंद पडली म्हणून सोनकांबळेमामांकडे गेलात, तर आधी मोटरची माफी मागावी लागते. थट्टा नाही करत. दाराच्या पोटात काच खाली-वर करणारी जी बोटभर मोटर असते ना, तिची.

एकदा एक जाडजूड साहेब आले. "मोटर गेलीय, नवी टाका," म्हणाले. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "किसने बोला? मोटर बेकसूर है. पहिले माफी माँगो, फिर हात लगाता." साहेब हसले. मामा हसले नाहीत. शेवटी बिचारे साहेब इकडंतिकडं बघत दाराशी वाकले आणि "सॉरी" म्हणाले, तेव्हा कुठं मामांनी पेचकस उचलला.

हैदराबादला काचीगुड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका शटरचं दुकान. मूळ नांदेडकडचे. बस डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून हयात गेली, आणि निवृत्तीनंतर फक्त बटणाच्या काचा धरल्या. ब्रेक, क्लच, हॉर्नचा विषय कुणी काढला, की "वो अपना काम नक्को" म्हणून मोकळे. घरी एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एवढंच मला माहीत होतं.

तपासायची त्यांची तऱ्हाही न्यारी. गाडीतला दिवा लावायचा, बटण दाबायचं आणि काचेकडं न बघता दिव्याकडं बघायचं. दिवा जरा मंदावला, तर मोटर जोर लावतेय, काचच कुठंतरी अडकलीय. दिवा ढिम्म राहिला, तर करंटच पोचत नाही. मग दाराला कान लावून डोळे मिटून बसायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

माझं काम त्यांच्याकडं पडलं ते आंध्र-तेलंगणाच्या वाटणीत. तेलुगू भावकीची वाटणी, आणि आंध्राकडं जाणाऱ्या सरकारी नोकरांच्या यादीत नाव कुणाचं? तर माझं, मराठी बाईचं! सोमवारी बेजवाड्याच्या, म्हणजे विजयवाड्याच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. नोकरी माझी एकटीची, आणि घरात अण्णा, माझे वडील. आठ महिन्यांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली होती. बोलणंही गेलं होतं, एक "नाही" तेवढं शाबूत. रेल्वेचे जिने त्यांना झेपणारे नव्हते. न्यायचं तर गाडीनंच. आणि नेमकी मागच्या डाव्या दाराची काच बंद पडली.

अण्णा बसत ते तिथंच. लुळं अंग त्या दाराला टेकलं, की तोल राही. एसीत त्यांना गुदमरायचं. बंद काचेच्या गाडीत त्यांना बसवायला गेले, की उजव्या हातानं चौकट धरून ठेवत. "नाही." मी समजावलं, ओरडले, रडले. "नाही." त्यांना मागं ठेवून जावं, तर सांभाळणार कोण? न जावं, तर खायचं काय?

शुक्रवारी मामांकडे गाडी नेली. मुकाट्यानं मोटरची माफी मागितली. दिवा मंदावला नाही. मग मामांनी बटण दाबून धरलं आणि दार सावकाश उघड-मीट करायला लागले. अर्ध्यात आल्यावर काच थरथरली. "बघ माय! दार आणि बॉडीच्या मधल्या ह्या रबरी नळीत वायर तुटायलीय. मोटर बेकसूर."

"मग संध्याकाळी नेते."

"इथं कोण बसतंय?"

मी अण्णांचं सांगितलं. मामांनी मागच्या सीटवरून हात फिरवला. "गाडी रविवारी मिळंल."

एका वायरीला दोन दिवस? माझं डोकंच फिरलं. "मामा, सोमवारी मला हजर व्हायचंय! तुमचे चोचले पुरवायला वेळ नाही मला!" त्यांनी शटर अर्धं ओढून घेतलं.

रविवारी सकाळी मामा स्वतः गाडी घेऊन दारात. काच सुरेख चालत होती. पण मागच्या सीटच्या मधोमध, उजव्या हाताशी येईल असं आणखी एक बटण बसवलेलं. नवी वायर सीटखालून नेऊन पट्टीनं नीट झाकलेली.

"हे कशाला? पुढून मी करते की काच खाली."

"तू करतीस, पण त्यांनी मागितल्यावर," मामा म्हणाले. "अन् मागावं कसं? तोंड चालत नाही." मग माझ्याकडं न बघता बोलत राहिले. "आमच्या मंडळीला असाच झटका आला. टॅक्सीत घालून दवाखान्यात न्यायलो. ती काचेकडं बोट करायली. मला वाटलं, बाहेर बघायचंय. म्हणलं, बघ की, चारमिनार आलंय. तिकडं नर्सनं खिडकी उघडली, तवा तिनं असा श्वास घेतला... वारा मागायली होती गं ती. जन्मभर मी वायरी जोडल्या, अन् मला कळलं नाही."

दोन दिवसांपूर्वी मी याच माणसाच्या कामाला चोचले म्हटलं होतं. लाज वाटली मला.

दोघांनी मिळून अण्णांना गाडीत बसवलं. मामांनी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. काच खाली गेली. अण्णांनी बोटाकडं बघितलं, मग काचेकडं. काच वर. पुन्हा खाली.

मी खिडकीत वाकून सुरू झाले, "अण्णा, सारखं दाबायचं नाही हं. हायवेवर धूळ येते, कानाला वारा लागेल, मफलर—"

सर्रकन काच वर आली आणि माझ्या तोंडासमोर बंद झाली.

आठ महिन्यांत माझ्या बापानं मला पहिल्यांदा गप्प केलं होतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. मामांनी खांद्यावरच्या फडक्यानं आधी चष्मा पुसला, मग डोळे. मी पाया पडायला वाकले, तर मागं सरले.

"नक्को माय. त्यांना विचार आधी. जायचं का?"

मी काचेवर टकटक केली. "अण्णा, उद्या पहाटेच जायचं ना बेजवाड्याला?"

काच हळूहळू खाली आली. अण्णांचे ओठ बराच वेळ हलत राहिले. मला वाटलं, आता "नाही" येणार.

"चल," अण्णा म्हणाले.