जयवंतभाईंचं नख

जयवंतभाईंची आणि माझी ओळख झाली तीच माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ओरखडा उठवून. डहाणूच्या आमच्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत मला नोकरीला लागून तीन दिवस झाले होते. माझा पहिला प्रोग्राम तपासायला ते शेजारी येऊन बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठ्याचं नख स्क्रीनवर कर्रकन ओढलं. मी किंचाळायचीच बाकी होते. ते मात्र शांतपणे म्हणाले, "अजून हिरवं आहे."

नंतर कळलं, घोलवडला त्यांची चिकूची वाडी आहे. झाडावरच्या चिकूला नख लावायचं, सालीखाली हिरवी रेघ दिसली की फळ कच्चं, तोडायचं नाही. हा पन्नाशीचा गृहस्थ वीस वर्षं कोड लिहितोय आणि कोडलाही हाच न्याय लावतोय. "पण प्रोग्राम चालतो ना?" असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कच्चा चिकूपण टोपलीत चिकूच दिसतो, बेन. घरी नेल्यावर पिकत नाही, सुरकुततो."

नावांच्या बाबतीत तर विचारूच नका. मी प्रोग्राममधल्या माहितीच्या कप्प्यांना 'ए-वन', 'ए-टू', 'टेम्प' अशी नावं दिली होती. सगळे करतात तशीच. जयवंतभाईंनी भर ऑफिसात विचारलं, तुझ्या घरी अशाच हाका मारतात का, बाई एक, बाई दोन, जेवायला या? सगळे फिदीफिदी हसले. माझे वडील तलासरीला मास्तर, मी कायम पहिल्या नंबरात. चारचौघांत मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी माझ्या तीनशे ओळींपैकी अडीचशे खोडून टाकल्या. मी हादरले. प्रोग्राम तरीही चालला, उलट जास्तच भराभर चालला, तेव्हा आणखी हादरले.

नवा कोड लिहिणाऱ्याला ते काही देत नसत. जुना, नको असलेला कोड खोडणाऱ्याला मात्र एक पिकलेला चिकू मिळे. चिकूच्या आशेनं लोक इतके खोडत सुटले, की आमचे मालक मेहुलशेठ एकदा जेवण अर्धवट टाकून धावत आले. गिऱ्हाइकाचं हजेरीचं अख्खं सॉफ्टवेअर कुणीतरी साफ करून ठेवलं होतं. सुदैवानं त्याची प्रत शिल्लक होती. पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला एकही चिकू आला नाही, आणि मला चिकू फार आवडतात.

मग जीपचं काम आलं. एका संस्थेची जीप पाड्यापाड्यांवरून गरोदर बायकांना तपासणीला दवाखान्यात नेते. कुठल्या पाड्यावरून कुणाला घ्यायचं, याची यादी रोज सकाळी ड्रायव्हरच्या फोनवर आपोआप जायला हवी होती. सगळं काम माझ्या एकटीकडे होतं आणि सोमवारी द्यायचं होतं. शनिवारी माझ्या प्रोग्रामच्या सगळ्या टेस्ट पास झाल्या. जयवंतभाईंनी पाच मिनिटं पाहिलं आणि तेच म्हणाले, हिरवं आहे. कुठे ते सांगेनात, तूच शोध म्हणाले. तिकडे मेहुलशेठ संस्थेला शब्द देऊन बसले होते. माझं डोकंच फिरलं.

"तुम्हाला कुणाचं काम पुढे गेलेलं बघवतच नाही," मी म्हटलं.

आता हे माझी तक्रार करणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, उद्या रविवार आहे, उधव्याला येशील का?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले होते, मांडीवर चिकूंची पिशवी घेऊन. उधव्याच्या पुढे एका फाट्यावर गंजका बोर्ड दिसला, डोंगरीपाडा. डोंगरीपाडा माझ्या यादीत होता, पण तो डहाणूकडचा. माझा प्रोग्राम पाडा ओळखायचा तो नुसत्या नावावरून. एका नावाचे दोन पाडे आले, की तो त्यांचा एकच करणार आणि जीप एकाच ठिकाणी धाडणार. दुसऱ्या पाड्यावरच्या बाया वाट बघत बसणार. मी याच तलासरी तालुक्यात वाढलेली, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी स्कूटर थांबवायला लावली आणि त्यांना सगळं सांगितलं.

"बराबर," ते म्हणाले. आता परत फिरू असं मला वाटलं, पण त्यांनी स्कूटर पाड्याकडे वळवली.

सुमन नावाची एक बाई दारात उभी होती. पंचविशीची असेल. भाऊ आला, म्हणत तिनं पिशवी घेतली आणि चुलीवर कोरा चहा ठेवला. मी गरोदर बायांच्या जीपचं काम करते म्हटल्यावर ती आपणहूनच सांगायला लागली. चार वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, ती सकाळपासून फाट्यावर जीपची वाट बघत बसली होती. कळा सुरू झाल्या तशी चालत निघाली. रस्त्यातच मोकळी झाली. मूल राहिलं नाही.

"गाडी बंद पडेल होती," ती म्हणाली. "भाऊनं सांगलं मना. तं डायवर तरी काय करंल?"

जयवंतभाई कपात बघत होते.

परतताना त्यांनी फाट्यावर स्कूटर उभी केली.

"गाडी बंद पडली नव्हती. डहाणूकडच्या डोंगरीपाड्यावर उभी होती. तेव्हाची यादी माझ्या जुन्या प्रोग्रामनं काढलेली." ते म्हणाले, "माझ्यापण सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या."

मला धक्का बसला, आणि आदल्या दिवशी मी काय बोलले होते ते आठवून माझीच लाज वाटली. तुमच्या घरी हे माहीत आहे का, असं विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. कुणालाच माहीत नव्हतं.

"आणि तिला?" मी विचारलं.

"दर रविवारी सांगायलाच येतो," जयवंतभाई म्हणाले. "मी दिसलो की ती चहा ठेवते."