काट्यावर उरलेला माणूस

घरात नवा वजनकाटा आणायचा नाही, बाबांचा जुनाच अडगळीच्या खोलीतून बाहेर काढायचा, एवढाच तो निर्णय. तो माझा होता. त्याबद्दल बायको मला अजून बोलते, आणि बोलते ते बरोबरच बोलते.

पण माझीही बाजू ऐका. मी वजनमापे निरीक्षक. बावीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासतोय, शिक्के मारतोय, खोटे काटे जप्त करतोय. असल्या माणसानं बिनशिक्क्याच्या प्लास्टिकच्या चकतीवर उभं राहायचं? अहो, इज्जतीचा प्रश्न आहे! बाबाही याच खात्यातले. ते निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांना एक मोडीत काढलेला उभा काटा भेट दिला होता. माणसाच्या उंचीचा रुंद लोखंडी खांब, वर ताटाएवढी तबकडी, खाली उभं राहायला फळी, आणि फळीखाली वीतभर मोकळी जागा. तो आम्ही बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, आईच्या खोलीच्या दाराशी उभा केला.

मी चढलो. काटा एकशे बत्तीसवर थांबला. (ऑफिसात मला पाठीमागे ‘प्रमाणित वजन’ म्हणतात. मला माहीत आहे.)

साखर, गुडघे, झोपेत अडकणारा श्वास असं सगळं झाल्यावर सर्जननं सांगितलं होतं, “पोटाचे चारातले तीन हिस्से काढून टाकू. एक केळ्याएवढी पिशवी ठेवू. पण त्याआधी पंधरा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्या आणि आठ किलो उतरवा. तुमचं यकृत आक्रसल्याशिवाय मला आत काम करायला जागाच नाही.”

घरी आल्यावर आईनं एकच विचारलं, “आकडा किती खाली नेणार आहेत?”

“चाळीस किलो तरी,” मी म्हणालो.

आई खुर्चीत बसली आणि बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल.

बायकोनं त्याच दिवशी स्वयंपाकघर साफ केलं. चावून खायची प्रत्येक वस्तू शेजाऱ्यांकडे गेली. बिस्किटांचा एक चपटा डबा मात्र कुठं गेला ते कुणाला कळलं नाही. (मीही फार चौकशी केली नाही.) मग पंधरा दिवस सूप, ताक आणि पावडरीचं दूध. शिवाय फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंची एक डबी दिली होती. नळीतून श्वास ओढायचा, चेंडू वर जायला हवेत. माझा एक जायचा, दुसरा विचार करायचा, तिसऱ्यानं शेवटपर्यंत दाद दिली नाही.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलात वजन भरलं एकशे तीस. सर्जननं तारीख पुढं ढकलली. बायको त्यांच्यावर तुटून पडली. “माझ्यासमोर पाण्याशिवाय दुसरं काही घेत नाहीत हो हे! माणूस खोटं बोलत नाही, तुमचं औषधच लागू पडत नाही!” मी मान खाली घालून बसलो. सर्जनना तो थकवा वाटला. दुसऱ्या पंधरवड्यात बायकोनं रजा टाकली आणि घरीच बसली. या वेळी मात्र सगळं बरोबर उतरलं. काय योगायोग असतात एकेक!

एकशे चोवीसवर माझं ऑपरेशन झालं.

पोटावर पाच छोटी भोकं, पायांत मांडीपर्यंत घट्ट मोजे, आणि दर काही मिनिटांनी औषधाच्या कपातून एक घोट पाणी. असा मी घरी आलो. सक्त ताकीद होती की सहा आठवडे वाकायचं नाही आणि काही उचलायचं नाही. आठव्या दिवशी डोळे मिटून काट्यावर चढलो. (निकालाच्या आधी माझे डोळे शाळेपासून मिटतात.) उघडले तर एकशे वीस! बायकोनं फ्रीजवरच्या तक्त्यावर आकडा लिहिला. आई दारात उभी होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

चार दिवसांनी पुन्हा चढलो तर एकशे बावीस.

“वाढलं?” बायको ओरडली.

“शक्य नाही. दोन चमच्यांवर जगतोय मी!”

मी खाली उतरलो आणि तबकडीकडे बघितलं. काटा शून्यावर आला नव्हता. चारवर थांबला होता.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. शून्याची कळ हलली असणार. खांबामागं जाऊन बघितलं, तर कळ बाबांनी लाल रंगानं केलेल्या खुणेवर तंतोतंत होती. खांब सरळ, फळीवर धुळीचा कणही नाही. आणि काटा चारवर. मागच्या खेपेपर्यंत मी उतरवले होते तेही चारच किलो. चोवीसातून वीस.

मी कळीवर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सही केली, तारीख घातली. बावीस वर्षांच्या नोकरीत ती पट्टी फोडल्याशिवाय कुणाला कळ फिरवता आलेली नाही.

पुढच्या खेपेला पट्टी शाबूत होती. मी उतरल्यावर काटा सहावर थांबला. त्याच्या आधीच्या खेपेपर्यंत मी बरोबर सहा किलो उतरवले होते. त्याच्या पुढच्या खेपेला नऊच्या वर.

माझ्या लक्षात आलं. माझ्या अंगावरून जेवढं जात होतं, तेवढं काट्यावर उभं राहत होतं. मी उतरायचो, तो उतरायचा नाही.

मग इतर गोष्टीही दिसायला लागल्या. हॉलमधल्या माझ्या खुर्चीत माझ्या आकाराचा खड्डा होता. मी बसलो की आता दोन्ही बाजूंना जागा उरायची, आणि सारखं वाटायचं की आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय. दुपारी खोलीत पडलेलो असताना पॅसेजमधून आवाज यायचा, टण्ण. मग कुजबुज, मग शांतता. हळूहळू भिंतीला धरून बाहेर येईपर्यंत पॅसेज रिकामा असायचा. फक्त तबकडीवरचा काटा थरथरत असायचा, नुकतंच कुणीतरी चढल्यासारखा.

“ऑपरेशनमध्ये मी गेलो तर नसेन ना?” मी बायकोला विचारलं.

“गेला असतात तर सूपमध्ये मीठ कमी आहे म्हणून कटकट केली असतीत का?”

“काट्याखाली काही अडकलंय का बघू?” तिनं आपणहून विचारलं.

“नको!” मी एवढ्या जोरात ओरडलो की टाके ताणले. “काही हात लावू नकोस तिथं!”

तिला वाटलं मी भ्यायलोय. भ्यायलो होतोच. (पण तिला वाकू न देण्याचं कारण वेगळं होतं. सांगतो.)

चौथ्या आठवड्यात सगळ्यात वाईट गोष्ट झाली. माझे कपडे माझ्यावर टिकेनात, म्हणून बायकोनं ट्रंकेतले बाबांचे धडधाकट दिवसांतले जुने शर्ट काढून दिले. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा एक मला नेमका बसला. मी दाढी करून पॅसेजमध्ये आलो. समोरून आई आली. ती थबकली, पदर सावरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, तुम्ही कधी आलात?”

माझ्या आईनं मला आयुष्यात कधी ‘अहो’ म्हटलेलं नाही. मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

“आई, मी आहे,” मी म्हणालो. ती भानावर आली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी आरशात बघितलं. गालफडं बसलेली, मान लांब झालेली, डोळे खोल. आरशात बाबा होते. शेवटच्या वर्षातले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं. पॅसेजमध्ये एक जाडा मी उभा होता, आरशात एक गेलेले बाबा होते, आणि मधे नक्की कोण उरलंय ते मला कळेना. निम्मा माणूस काढून टाकल्यावर उरलेला टिकतो याची खात्री मला कुणी दिली होती?

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. निरीक्षक आहे, छापा घालायचा. दुपारी झोपल्याचं सोंग केलं. टण्ण आवाज आला आणि उठलो. पायांत ते घट्ट मोजे, त्यामुळं पावलं वाजली नाहीत. दारातून डोकावलो.

काट्यावर कुणीही नव्हतं. आणि तबकडीवरचा काटा माझ्या डोळ्यांसमोर नऊवरून हलला आणि दहावर गेला. पुन्हा टण्ण. अकरा. खालून कुणीतरी म्हणत होतं, “एवढं राहा. आता आणखी जाऊ नकोस.”

मी किंचाळलो. खांबामागून एक पांढरं डोकं वर आलं, त्यानं माझ्या अंगावरचा बाबांचा शर्ट बघितला, आणि तेही किंचाळलं. बायको हातात मोजायचा कप घेऊन धावत आली आणि आम्हा दोघांना बघून, कारण माहीत नसताना, तीही किंचाळली.

पांढरं डोकं आईचं होतं. ती जमिनीवर बसली होती. शेजारी बाबांची तपासणीच्या वजनांची लाकडी पेटी उघडी होती. फळीखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर तिनं एकेक वजन नीट मांडून ठेवलं होतं.

“आई, अगं, हे काय चाललंय?”

“तुझं तुला परत ठेवत होते,” ती म्हणाली. आवाज निरीक्षकाच्या बायकोचा होता. “तुझे बाबा याच फळीवर उभे राहायचे. मी आकडे लिहायची. एकशे दहा. शंभर. ऐंशी. डॉक्टर म्हणायचे, बघू. त्रेपन्न झाले आणि मग लिहायला कुणी राहिलंच नाही. आकडा खाली जायला लागला की माणूस जातो. मी बघितलंय. तुझा मी जाऊ देणार नव्हते.”

बायकोनं कप खाली ठेवला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. चाळीस किलो, असं मी त्या दिवशी किती ऐटीत सांगून मोकळा झालो होतो! तिनं ते एकटीनं, दुपारच्या वेळी, एकेक किलोनं उचलून परत आणलं होतं.

“आई,” मी म्हणालो, “बाबांचं वजन आजारानं गेलं. माझं मी घालवतोय. टिकायचं म्हणून घालवतोय.”

“कशावरून?”

“काल मी दोन जिने चढलो, न थांबता. आणि श्वास अडकत नाही आता झोपेत. विचार हिला.”

“नाही अडकत,” बायको म्हणाली. “आता नुसते घोरतात.”

आईनं पेटी जवळ ओढली. मग म्हणाली, “ठीक आहे. काढते. पण मी काढीन.” आणि तिनं फळीखालचं एकेक वजन बाहेर घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक वजनाला काटा खाली येत होता, आणि माझी छाती मोकळी होत होती. आठ. पाच. तीन. एक.

शेवटचं वजन निघालं, काटा एकच्याही खाली आला आणि थांबला.

“संपली वजनं,” आई म्हणाली.

पेटी भरली होती. फळी रिकामी. कळीवरची पट्टी शाबूत. काटा सहाशे ग्रॅमवर.

“म्हणजे कुणीतरी आहेच,” मी बायकोच्या मागं सरकत म्हणालो.

“हां, तो राहिलाच की,” आई म्हणाली. “सहाशेला माझ्याकडे वजन जुळत नव्हतं. पाचशेचं आहे, शंभरचं तुझ्या बाबांनी हरवलं. हा इथंच मागं सापडला, बरोबर सहाशे भरला, म्हणून पट्टीवर ठेवला.” आणि तिनं फळीखालून बिस्किटांचा चपटा डबा बाहेर काढला.

काटा शून्यावर आला.

बायकोनं डबा हातात घेतला, उलटा केला, वरची चिठ्ठी वाचली. “निव्वळ वजन एक किलो.” मग झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. (त्या पहिल्या पंधरवड्यात ती ऑफिसला गेली की मी पायानं डबा पुढं ओढायचो आणि पायानंच मागं सारायचो. तेव्हा मला वाकता येत होतं, पण सवय नव्हती. नंतर ती रजेवर घरी बसली आणि डबा राहून गेला.)

“मी त्या सर्जनशी भांडले,” ती म्हणाली. “सगळ्या हॉस्पिटलसमोर.”

“अगं, डब्याचं स्वतःचं वजन धरलं तर—”

“धरलंय,” आई म्हणाली. “रिकामा डबा दोनशे भरेल. म्हणजे आत चारशे आहेत. सहाशे गेले.”

बावीस वर्षांत मी शेकडो दुकानदारांना याच प्रश्नावर घाम फोडलाय. उत्तर त्यांच्याकडेही नसायचं.

हल्ली माझं वजन सत्त्याण्णव आहे, आणि तब्येत उत्तम. दर सोमवारी मी काट्यावर उभा राहतो. आधी आई फळीखाली हात घालून तपासणी करते, मग बायको माझे खिसे तपासते, आणि दोघींचं समाधान झालं तरच फ्रीजवरच्या तक्त्यावर सही होते. मी सही करू का म्हणून एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, खात्यात मालाची सही घ्यायची पद्धत नाही.