भूकंपरोधक खुराडं

सकाळी साडेसहाला मार्तंड सर अंगणातल्या हौदाच्या कडेला, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर टॉवेल गुंडाळून आंघोळ करत होते आणि समोरच्या गच्चीवर रत्नम्मा मिरच्या वाळू घालत होत्या. हा सलग चौथा दिवस.

"सर, पाठीवर साबण राहिलं बगा," रत्नम्मांनी वरून कळवलं. "डावीकडं. न्हाई, तुमच्या डावीकडं."

"हाव, हाव," म्हणत सरांनी टॉवेल आवळला आणि उरलेलं पाणी एकदाच डोक्यावर ओतलं.

लातूरच्या शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसावर ही पाळी आली ती एका तांबड्या कोंबडीमुळे. सरांच्या सासूबाई लक्ष्मीबाई शिरूर अनंतपाळला राहतात. गुडघे गेले, कोंबड्यांमागं पळणं होईना, म्हणून त्यांनी आपल्या सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा लेकीच्या, म्हणजे उज्वलाच्या, हवाली केला. उज्वलाला सात राजवाडे मिळाल्याचा आनंद झाला. या कोंबड्यांच्या पणज्यांची अंडी खाऊन ती मोठी झाली होती. पण त्यातली तांबडी आली ती खुडूक होऊनच, म्हणजे अंडी उबवायला बसायच्या तयारीत. तिनं घरभर फिरून, सगळे कोपरे बघून, न्हाणीघरातला कपडे भिजवायचा टब पसंत केला आणि अकरा अंड्यांवर बसली. आता कुणी दार उघडलं की ती चोचीनं पोटरी धरायची. सरांची दोनदा धरली होती.

त्यात लक्ष्मीबाईंचा फोन आला. "उज्वले, एकविसाव्या दिवशी पिल्लं निघत्यात. मी येते बगायला. तवर खुराडं झालेलं पायजे. न्हाईतर कोंबड्या माघारी नेते आन शेजारच्या गंगम्माला देऊन टाकते. ती कवाची मागायलीय."

"माय, गंगम्माला? ती कापून खाईल की!"

"मंग खुराडं बांध."

उज्वला त्याच दिवशी गंजगोलाईच्या बाजारात गेली आणि चार बांबू, दोन पत्रे आणि जाळीचा एक गुंडाळा रिक्षात घालून आली. तिच्या हिशेबानं काम संध्याकाळपर्यंतचं होतं. सरांनी ते सामान बघितलं आणि त्यांचा चेहरा वर्गात कुणी लातूर जिल्हा नकाशात कोकणात दाखवल्यासारखा झाला.

"हे काय?"

"खुराडं."

"ह्याला पाया कुठाय?"

"अहो, कोंबडीला ऱ्हायाचंय त्यात. बँक न्हाई उघडायची."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्र्याण्णवच्या भूकंपात सर बारा वर्षांचे होते. घराची मागची भिंत गेली, माणसं वाचली, आणि पुढं वर्षभर सगळं कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. तेव्हापासून सरांचा पायाशिवाय कशावर विश्वास नाही. अंगणातल्या तुळशीवृंदावनातसुद्धा त्यांनी चार सळया घातल्यात. बांधलं त्या वर्षी तुळस तीनदा वाळली, पण वृंदावन हललं नाही.

"उज्वला, हा लातूर जिल्हा हाय. इथं काहीबी बांधायचं तर कॉलम घेऊनच बांधायचं."

"भूकंपात पडलं काय? दगडमातीची घरं. आमच्या मळ्यातलं कुडाचं खुराडं जसंच्या तसं हुतं. माय अजून सांगती, सकाळी कोंबड्या दाणे मागत हुत्या."

"तो योगायोग होता."

"तुमचा भूगोल शास्त्र, आन माझ्या मायचं खुराडं योगायोग!"

बांबू, पत्रे आणि जाळी जिन्याखाली गेली. सरांनी आलेखाचा कागद काढला आणि दोन दिवस त्यावर पट्टी ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी साहेबराव मिस्त्री आला. साहेबरावची काम करायची एक पद्धत होती. तो कुणालाच नाही म्हणायचा नाही. नवरा सांगेल त्याला "हाव सर", बायको सांगेल त्याला "हाव ताई", आणि मग दोन्ही करून टाकायचा. या पद्धतीनं त्यानं शहरात बरीच घरं बांधली होती आणि एकाही घरात भांडण होऊ दिलं नव्हतं. ते आधीच झालेलं असायचं.

त्यानं सरांच्या सांगण्यावरून चार फुटांचे चार खड्डे घेतले. उज्वला कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "सिमेंटचंच करायचं म्हणताव ना? मंग माझ्या मनासारखं करा. झाडायला आत मी जाणार हाय, तुमी न्हाई. मी वाकणार न्हाई. दार पुरुषभर पायजे."

"हाव ताई," साहेबराव म्हणाला.

"दार पुरुषभर झालं तर भिंत सात फूट जाती," सर म्हणाले. "मंग दारावर लिंटेल आलं. आन दार लोखंडी. मुंगूस येतंय."

"हाव सर."

"कोंबड्यांना बसायला आडवा बार पायजे, ह्या भितीपासून त्या भितीपर्यंत."

"हाव ताई."

"अंडी घालायला भितीत कप्पे पायजेत. कमीत कमी सहा. धुवायला फरशी, एका कोपऱ्याकडं उतार, पाणी जायला मोरी. पूर्वेला जाळीची खिडकी, ऊन आलं पायजे. पिल्लांसाठी बल्ब," उज्वलानं यादी पुरी केली.

"बल्ब आला म्हणजे बटण आलं," सर म्हणाले. "बटण आलं म्हणजे दोन पॉइंट घेतलेले बरे. आन खिडकीवर छज्जा."

दोघंही एकमेकांवर इतके चिडले होते की हार कुणी मानेना. उज्वला एक सोय वाढवायची, सर तिला पेलेल एवढा कॉलम वाढवायचे. तांबडी न्हाणीघरात शांत बसून होती. सर हौदावर आंघोळ करत होते. आणि सगळं अंगण वाळूनं भरलं होतं.

तांबडी बसल्याच्या तेराव्या दिवशी स्लॅब पडला. दहा बाय आठचा, वर कॉलमच्या सळया हातभर तशाच ठेवलेल्या.

"त्या सळया कशाला?" उज्वलानं विचारलं.

"पुढंमागं मजला चढवायचा झाला तर."

"कोंबड्यांना जिना बी करा मंग!"

"हाव ताई," साहेबराव सवयीनं म्हणाला आणि मोजायची फीत काढायला लागला. त्याला दोघांनी मिळून थांबवलं. महिन्यातलं हे त्यांचं एकमेव एकमत.

स्लॅब पडला की तोंड गोड करायचं, हा रिवाज. साहेबरावची माणसं त्याशिवाय हलेनात. म्हणून पेढे आले, आणि पेढे आले म्हणून रत्नम्मांकडंही द्यावे लागले.

"अय्या, काय बांधलाव सर?" रत्नम्मांनी पेढा तोंडात टाकत विचारलं.

सरांनी मागं वळून ते भक्कम बांधकाम बघितलं. सात कोंबड्यांसाठी एवढं बांधलं म्हणायची त्यांना लाज वाटली. "काही न्हाई... एक छोटी खोली," ते म्हणाले.

तेवढ्या एका वाक्यानं घोटाळा झाला.

इकडं घरात पाण्याची मारामार सुरू झाली. नळाला पाणी आठ दिवसांनी, आणि सर सकाळ-संध्याकाळ स्लॅबला पाणी घालत होते.

"माणसाला प्यायला पाणी न्हाई आन तुमी कोंबडीच्या छपराला पाजायलाव!"

"एकवीस दिवस क्युरिंग करावं लागतंय. तवर खालचं सेंट्रिंग काढायचं न्हाई."

उज्वलानं बोटं मोजली. मग परत मोजली. "अहो, तांबडीचे आठ दिवस राहिले. तुमच्या स्लॅबचे एकवीस."

"मंग?"

"मंग आत टेकूच्या बल्ल्याच बल्ल्या हायत! मांजर शिरायला जागा न्हाई, कोंबड्या कुठं घालू? माय कोंबड्या घिऊन जाईल!"

सरांनी हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "तांबडीला काही दिवस लांबवता येत न्हाई का?"



एकविसाव्या दिवशी सकाळी टबातून चिवचिव ऐकू आली. अकरातली नऊ निघाली. उज्वला न्हाणीघराच्या दारात बसून एकदा हसत होती, एकदा डोळे पुसत होती. दहा वाजता लक्ष्मीबाई रिक्षातून उतरल्या. त्यांनी आधी पिल्लं बघितली, मग गुडघ्यावर हात ठेवत मागं गेल्या आणि त्या बांधकामाभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, खोली झकास झालीय. खुराडं कुठाय?"

"हेच, सासूबाई."

लक्ष्मीबाईंनी आत डोकावून बल्ल्यांचं जंगल बघितलं. वर सळया बघितल्या. "आन ह्यात कवा जायाच्या कोंबड्या?"

"अजून तेरा दिवस."

त्यांनी पदराच्या गाठीतून मोबाइल काढला. "उज्वले, गंगम्माचा नंबर लावून दे."

"माय, नगं! थांब की!"

एवढ्यात फाटक वाजलं. रत्नम्मा आपल्या भावाला घेऊन आल्या होत्या. उदगीरचे मलप्पा. सोबत त्यांची मुलगी ऋतुजा, पाठीला वीस किलोची बॅग.

"सर, ह्ये माझं भाऊ," रत्नम्मा म्हणाल्या. "पोरगी डॉक्टरकीच्या तयारीला आलीय लातूरला. मी म्हटलं, सरांनी नवी खोली बांधलीय, दुसरीकडं कशाला जायचं?"

"अहो, ती खोली न्हाई," सर गडबडून म्हणाले. "ते कोंबड्यांचं हाय."

मलप्पा हसले. लातूरमध्ये गेल्या तीन दिवसांत त्यांनी सतरा खोल्या बघितल्या होत्या आणि मालकांची नाना तऱ्हेची कारणं ऐकली होती. "कोंबड्यांचं! बरं बोलताव सर. जरा बघू तर द्या."

त्यांनी बल्ल्यांच्या फटीतून मान घातली. आतून त्यांचा आवाज घुमायला लागला. "ऋतुजा, हवा बघ! पूर्वेची खिडकी, वर मच्छराला जाळी. भितीत पुस्तकाला सहा कप्पे. कपडे वाळवायला आडवा बार, ह्या भितीपासून त्या भितीपर्यंत! धुण्याला मोरी. दोन पॉइंट, एक दिव्याला, एक मोबाइलला." ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "सर, सतरा खोल्या बघितल्या. लेकराचा इतका बारीक इचार कुणीच केलेला न्हाई."

उज्वलानं सरांकडं बघितलं. सरांनी कॉलमकडं बघितलं.

"आन भूकंपात?" मलप्पांनी हळूच विचारलं. "एकुलती हाय, म्हणून इचारतो."

सरांची छाती आयुष्यात पहिल्यांदा एवढी फुगली. "चार फूट पाया हाय," ते म्हणाले. "हे सगळं शहर हललं तरी ती झोपूनच राहील."

"झोपायचं न्हाई, अभ्यास करायचाय," मलप्पा म्हणाले. "क्लास पंधरा दिवसांनी सुरू व्हायलाय. तवर मावळणीकडं, ह्या रत्नम्माकडं ऱ्हाईल. ठरलं म्हणा."

त्याच वेळी कोंबडा वृंदावनावर चढून आरवला. मलप्पा दचकले. "ह्यो रोज वरडतो?"

"पहाटे चारला," उज्वला पटकन म्हणाली.

"चारला!" मलप्पांनी हात जोडले. "दुसरीकडं ही सोय कुठं हाय?"

लक्ष्मीबाई अजून मोबाइल धरून उभ्या होत्या. "पोरीचं झालं. माझ्या कोंबड्यांचं काय?"

उज्वला तडक जिन्याखाली गेली. चार बांबू, दोन पत्रे, जाळी. तीन आठवड्यांची धूळ झटकली, पदर खोचला आणि कामाला लागली. लक्ष्मीबाई बाजेवर बसून, "तिथं आवळ, हितं ढिल सोड," सांगत होत्या. तळाला लाकडी फळी कमी पडली, तेव्हा उज्वलानं सरांचा ड्रॉइंग बोर्ड आणला, आलेखाचा कागद लावलेला तसाच. दुपारी जेवायच्या आत सात कोंबड्या आणि नऊ पिल्लं खुराड्यात होती. सरांनी एका बांबूला बोट लावून बघितलं. खुराडं डुललं आणि परत उभं राहिलं.

"ह्याला पाया..." सर म्हणाले.

"जेवायला चला," उज्वला म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी मोबाइल पदराला बांधला. गंगम्माचा नंबर लागलाच नाही.

सरांच्या मनात मात्र वेगळाच आनंद होता. तांबडी गेली, टब रिकामा झाला, न्हाणीघर मोकळं झालं आणि सर परत आत आंघोळ करायला लागले. मावळणीकडं राहून आलेली ऋतुजा पंधरा दिवसांनी सामान घेऊन दाखल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर खांद्यावर टॉवेल टाकून, गुणगुणत न्हाणीघराकडं निघाले. दाराला आतून कडी होती.

"पोरीला साडेसहाचा क्लास हाय," उज्वला स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमच्या खोलीत सगळं केलंव, एक न्हाणी तेवढी केली न्हाईव. हौदावर बादली भरून ठिवलीय."

सर हौदाच्या कडेला बसले. जाळीतून सात कोंबड्या आणि नऊ पिल्लं त्यांच्याकडं एकटक बघत होती.

"सर," गच्चीवरून आवाज आला, "आज उजवीकडं राहिलं बगा."