काळीचा डावा पंख

"कबुतरांना कोणी खायला घातलं?" चष्मेवाल्याने गच्चीच्या दारातून जिन्यात तोंड घालून विचारलं. खाली स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम बंद पडला, त्यावरूनच त्याला काय ते कळलं.

त्याच्यामागे गच्चीवर स्पर्धेचे परीक्षक मान वर करून उभे होते. ही कबुतरं साधीसुधी नव्हती, गिरकीची होती. थव्याने उडायचं आणि मध्येच सगळ्यांनी एकदम उलट्या कोलांट्या खात खाली यायचं, ही त्यांची कला. पंख असे वर मिटून भरभर चालायला हवेत की बघणाऱ्याला पाखरू दिसूच नये, नुसता चेंडू दिसावा. गेल्या वर्षी याच परीक्षकांनी त्याच्या लाडक्या काळीबद्दल कबुतर पाळणाऱ्यांच्या सगळ्या मंडळासमोर सांगितलं होतं, "हिचा डावा पंख उघडा राहतो. ही कसली गिरकी, ही तर वाऱ्याने उलटलेली छत्री." लोक खो खो हसले होते. तेव्हापासून हा माणूस आतल्या आत धुमसत होता. आज ते शब्द मागे घ्यायला लावायचेच, म्हणून त्याने आपलं चष्म्यांचं दुकानसुद्धा बंद ठेवलं होतं.

त्यासाठी कबुतरं अर्धपोटी हवीत. पोट हलकं असलं की ती घराच्या आसपास राहून गिरक्या घेतात. भरपेट खाल्लं की अंगात मस्ती येते आणि सरळ आभाळात चढतात. आज ती चढली होती.

"मला ठिपके दिसतायत," परीक्षक म्हणाले. "ठिपक्यांना गुण कसे देऊ?"

"येतील साहेब खाली."

"वीस मिनिटांत आली तर बघू."

चष्मेवाला तरातरा खाली गेला. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"मूठभर गहू तर घातले," ती म्हणाली. "परीक्षेला कोणी उपाशी पाठवतं का?"

"अगं, परीक्षा माझी आहे."

"मग तुम्ही जेवलात ना?"

तेवढ्यात गुडघ्यांच्या उपचारासाठी येऊन राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तूपण घातलंस होय? मी शेंगदाणे घातले. बरगड्या दिसत होत्या गं बिचाऱ्यांच्या."

"आई, पाण्याचा पेला तुमच्या हातात आणून द्यावा लागतो. गच्चीवर कशा चढलात?"

"माया असली की चढवतं, जावईबापू."

एवढ्यात शेजारचे वकील दारात आले. कबुतरांच्या घाणीबद्दल हेच गृहस्थ ऊठसूट तक्रार करायचे. "मी पाव टाकला," ते म्हणाले. "पाखरांना उपाशी मारता म्हणून तुम्हाला नोटीसच देणार होतो. म्हटलं, आधी त्यांना पाव तरी द्यावा."

चष्मेवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी आजवर कधी मान वर करून कबुतरांकडे पाहिलं नाही, त्या सगळ्यांना नेमका आजच पुळका आला होता. यांच्या मायेपायी त्याचं वर्ष पाण्यात गेलं.

वेळ संपली. परीक्षक शून्य गुण देऊन जिना उतरले. चष्मेवाला वाद घालत त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेला आणि त्याच्यामागून घरचे, वकिलांसकट, बाहेर आले. तेवढ्यात थवा गल्लीवर उतरला. एक वळण घेतलं आणि अख्खा थवा एकदम गरगरत खाली आला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं त्याच्या कबुतरांनी कधीच केलं नव्हतं.

"बघितलंत, साहेब?"

"मी हेल्मेट घालत होतो."

"नेमकं तेव्हाच? मग या सगळ्यांना विचारा."

"साक्ष द्यायला मी तयार आहे," वकील म्हणाले. "फक्त काय बघायचं असतं, ते सांगा."

"अहो, किती सुंदर होतं," बायको म्हणाली. तिला तर गहिवरून आलं होतं.

"गुण आता बदलणार नाहीत," परीक्षक म्हणाले. "पण त्या काळीचं काय? ती नीट फिरली असेल, तर मी माझे शब्द मागे घेतो."

चष्मेवाल्याने आशेने सासूबाईंकडे पाहिलं. लांबचं स्वच्छ दिसावं म्हणून त्यांना त्याने स्वतः जीव ओतून चष्मा करून दिला होता.

"बाकीचे अगदी चेंडू," सासूबाई म्हणाल्या. "ती कडेची काळी मात्र... डावा पंख उघडा राहतो तिचा."

"वारा होता, आई."

"वारा काय एकट्या तिलाच होता?"

परीक्षकांनी हेल्मेट काढलं. "मावशी, पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का? मंडळाला एक परीक्षक कमी आहे. अंगणात खुर्ची टाकून देऊ."

"त्या परवा परत जाणार आहेत," चष्मेवाला घाईघाईने म्हणाला.

"छे," सासूबाई वर बघतच म्हणाल्या, "आता महिनाभर राहते."