बब्रुवान नावाचा अर्धा अर्थ

बेंबळीच्या धोंडीबाला आपल्या लेकाच्या नावाचा कोण अभिमान! गावात 'उत्तरेश्वर' म्हणून हाक मारली तर चौघं वळून बघायचे, पण बब्रुवान एकच! धाराशिवच्या एस.टी.ची वाट बघत उभ्या असलेल्या राघवेंद्र मास्तरांनाही त्यानं गाठलं.

"अर्जुनाच्या लेकाचं नाव हाय, मास्तर! पर त्या बब्रुवानानं केलं काय वो एवढं?"

"केलं की! ज्याला कुणी हरवू शकलं नाही, त्या अर्जुनालाच लढाईत मारलं!"

"आं? सख्ख्या बापाला?"

"सख्ख्या! पण पुढं..."

तेवढ्यात एस.टी. आली. मास्तर आत चढले आणि 'पुढं' काय ते धुरळ्यात गेलं!

धोंडीबाचं डोकं गरगरायला लागलं. का मारलं असंल? जमिनीच्या वाटणीवरनं? का बाप लई बोलत हुता म्हणून? घरी येऊन बघतो तर विशीतला बब्रुवान कुऱ्हाडीला धार लावत बसलेला!

"कुणासाठी रं?"

"बाभळीसाठी. आबा, लई वाळलाव तुमी. पोटभर जेवा."

पोटभर! बोकडालाबी आधी चारतातच की! धोंडीबानं पहिला तुकडा कुत्र्याला टाकला. कुत्रं शेपूट हलवत दुसरा मागायला लागलं, तेव्हा कुठं त्याच्या घशाखाली घास उतरला.

"आबा, विहिरीवर चला," जेवण झाल्यावर बब्रुवान म्हणाला. "मोटंचा नाडा झिजलाय, नवा दोर लावायचाय."

बायको दगडाबाई भाकरीचं टोपलं झाकत म्हणाली, "जावा की! मी येते मागनं."

ही बी सामील!

विहिरीच्या काठावर धोंडीबा लेकाकडं तोंड करून उलटाच चालत होता. एकदम बब्रुवान ओरडला, "आबा, थांबा!" आणि दोन्ही हात पसरून अंगावर धावला. आली घटका! धोंडीबानं मागं उडी मारली ती थेट विहिरीत!

त्याला पोहता येत नव्हतं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, तोवर लेकानं धपकन उडी टाकून मानगूट धरली आणि वर काढलं.

"काठाचा दगुड निसटलाय म्हणून धरायला आलो, तर तुमी उडीच टाकली?" बब्रुवान धापा टाकत म्हणाला.

मागनं आलेल्या दगडाबाईनं पांघरलेल्या घोंगडीत कुडकुडत धोंडीबानं विचारलं, "लेका, तुझ्या नावाच्या बब्रुवानानं बापाला मारलं, ठावं हाय का तुला?"

"व्हय की! अन् मग नागमणी आणून जित्ता बी केला. आईनं लहानपणीच सांगितलंय."

"मग मला कसं न्हाय सांगितलं कुणी?"

"आता काय सांगावं!" दगडाबाईनं कपाळावर हात मारला. "पोटुशी हुते तवा देवळात पांडवांची पोथी लागली हुती. आपण दोघं बी शेजारीच बसलो हुतो. अर्जुन मेला तवा मी रडत हुते, अन् तुमी घोरत हुता!"