लाल्याची तारीख

गुंडेरावांच्या कुत्र्यानं सरकारात अर्ज केला होता. निजामाच्या अमलात धाराशीवच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देणं हा गुंडेरावांचा धंदा. त्यांचं घर आमच्या घराला लागून. घरात ते आणि लाल्या, दोघंच.

लाल्या मुळात बाजारातला बेवारशी. गावात मोकाट कुत्री मारायचा हुकूम निघाला, तेव्हा मुकादमानं त्याच्या गळ्यात फास टाकला. गुंडेराव समोरच बसले होते. त्यांनी जागेवर अर्ज लिहिला : सायल लाल्या याच्या जिवाला धोका असून, फैसला होईपर्यंत त्याला हात लावू नये. सायल म्हणजे अर्जदार. कागद घेऊन ते थेट साहेबांपुढं उभे राहिले. साहेब जेवायला उठायच्या घाईत. त्यांनी वाचलं की नाही कोण जाणे, पण तारीख दिली. मुकादमाला फास सोडावा लागला.

त्या तारखेला पुढची तारीख पडली, मग त्यापुढची. मी मोजणी खात्यातला, मोजायची सवय जात नाही. सहा वर्षांत तेवीस तारखा पडल्या आणि चार साहेब बदलले. फैसला कुणीच केला नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी लाल्याला आंघोळ असायची आणि खाणं हलकं. "भरल्या पोटी सायल जांभया देतो," गुंडेराव सांगायचे. लाल्या रस्त्यानं जाणाऱ्यावर भुंकला, की त्याला समज मिळायची, "गप. उद्या त्यालाच साक्षीला बोलवायची पाळी येईल."

एकदा लाल्यानं आमच्या चुलीपुढची भाकरी पळवली. माझी बायको परसातल्या भिंतीपाशी गेली.

"गुंडेराव, तुमच्या कुत्र्यानं आमची भाकर नेली."

"वहिनी, मामला चालू हाय. सायलबद्दल आत्ता काही बोलता येत न्हाय. तक्रार लेखी द्या."

"मला लिहाय येत न्हाय. फुंकणी हाणाय येती."

"कुणाला? सायलला की अर्ज लिहिणाऱ्याला?"

"जो जवळ गावंल त्याला."

संध्याकाळी गुंडेराव स्वतः थापलेल्या दोन भाकरी घेऊन आले. त्यातली एक जवळजवळ त्रिकोणी होती. "ही भरपाई न्हाय बरं का," ते म्हणाले, "भरपाई म्हणलं की गुन्हा कबूल होतो."

लाल्या गेला तो म्हातारपणानं, भरदुपारी, ओट्यावर निजल्या निजल्या. घरामागं आम्ही दोघांनी खड्डा खणला. दोन हात लांब, दीड हात खोल. मी म्हणालो, "पुरे." गुंडेराव म्हणाले, "अजून हातभर घ्या, मोजणीदार. कुत्री उकरतात."

आठ दिवसांनी तारीख होती. सायल मयत झाला, की अर्ज निकालात निघतो आणि कागद कायमचे बासनात जातात. गुंडेराव म्हणाले, "संगं चला. मयत सांगाय साक्षीदार लागतो." मयतीचा मजकूर त्यांनी तयार ठेवला होता, सुरेख अक्षरात. लाल्याच्या तारखेला मी पहिल्यांदाच गेलो.

पट्टेवाला व्हरांड्यात आला आणि त्यानं पुकारा केला, "लाल्या वल्द गुंडेराव, साकिन उस्मानाबाद, हाजिर है?"

वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. अर्जात बापाच्या नावाची जागा कोरी चालत नाही, हे मला ठाऊक होतं. गुंडेरावांनी ती कशी भरली असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. व्हरांड्यातले लोक हसले. गुंडेराव मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होते. दुसरा पुकारा झाला. तिसराही झाला.

मग ते उठले. हातातल्या मयतीच्या कागदाची त्यांनी घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली आणि मला घेऊन साहेबांपुढं गेले.

"सायल बीमार है, हुजूर. तारीख मिलनी चाहिए."

साहेब नवे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आप इनके साथ आए हैं? ये सही है?"

सरकारी कामात खोटं बोलायचं नाही, ही माझी रीत. मी म्हणालो, "हुजूर, उठ नहीं सकता."

साहेबांनी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.