ठकूमावशीचा पहारा

आमच्या गावात लस टोचल्यावर एकही आई अर्धा तास अंगणवाडीतून हलू शकत नाही. दारातच ठकूमावशी पाय पसरून बसलेली असते.

गाव पाथर्डीकडचं, मी इथली आशाताई. टोचल्यावर अर्धा तास बाळाला डोळ्यांसमोर ठेवा, हे कधीतरी मीच सांगितलं होतं. मावशीने त्याचा कायदा केला. तिच्या घरात लहान मूल नाही. नवरा वारला, एकुलती लेक सुरतेला नांदते. तरी लसीच्या दिवशी ती नर्सबाईंच्या आधी हजर. कुणा आजीने टोचल्या जागी हळद लावायला घेतली की हात धरते. "काय लावायचं न्हाई, चोळायचं न्हाई. ताप येतो थोडा. उतरला न्हाई तर बाईला सांगायचं."

एकदा सरपंचबाईंची सून घाईत होती. मावशी तिच्या चपलांवरच बसली.

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. यंदा शेजारची सुनीताही आठ महिन्यांची पोर घेऊन कोल्हारकडे गेली. नऊ महिने भरले की गोवराचा डोस. कार्ड मी तिच्या पिशवीत घातलं होतं, कुठल्याही सरकारी दवाखान्यात टोचून मिळतं हेही सांगितलं होतं. पण मावशीला चैन पडेना. रोज माझ्या दारात येऊन फोन लावायला लावायची. फोन काही लागेना. शेवटी एक दिवस ती एसटीत बसून गेलीच.

विचारत विचारत ती उसाच्या फडात पोचली. डोस राहिलाच होता, मुकादम सुनीताला सोडत नव्हता. मावशीने पदर खोचला, "हिच्या जागी मी हाय" म्हणाली आणि साठीच्या वयात दुपारपर्यंत मोळ्या बांधल्या. सुनीता पोरीला टोचून आणेपर्यंत तिने पाठ टेकली नाही.

दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे होते. मी रागावले. तिने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "सुनीता म्हनली, मावशे, आता हितंच ऱ्हा. पोरगी बी सोडंना."

"मग राहायचं ना चार दिवस."

"ऱ्हायले असते गं. पन सुरतंहून लेक आली आन् दाराला कुलूप दिसलं, तर माघारी जाईल."

लेकीला येऊन सहा वर्षं झाली होती. मावशीलाही ठाऊक होतं, मलाही. मी आतून खोबरेल आणलं आणि तिचे हात माझ्या मांडीवर ओढून घेतले.